उजव्या डोळ्यातली रेषा

"ये, लवकर ये. रेषा बघ, काय सुरेख आलीये!" डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरणीला हाक मारली, तेव्हा माझी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली होती आणि कपाळ वरच्या पट्ट्याला चिकटलेलं. अशा वेळी मान हलवता येत नाही, की काही विचारताही येत नाही. उजव्या डोळ्यावरून उजेडाची एक बारीक उभी फट हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होती. ती मुलगी आली, समोर बसली, तिचा श्वास मला ऐकू येत होता. "तीनशेच्या आसपास, सर?" "हो, तेवढीच." दोघांच्याही आवाजात खराखुरा आनंद होता. मग मला सांगितलं, छान आहे, ड्रॉप्स चालू ठेवा, बाहेर जाताना गॉगल विसरू नका. बाहेर बाकावर बाबा माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "काय म्हणाले?" "छान आहे म्हणाले." पण त्या दिवशी मला उजव्या डोळ्यानं ऑपरेशनच्या आधीपेक्षाही कमी दिसत होतं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचता येत नव्हता. आणि याच डोळ्यात काहीतरी सुरेख आलं होतं, जे फक्त दुसऱ्यांना दिसत होतं.

कसली रेषा, हे विचारायचं राहूनच गेलं आणि मग ते मनातून जाईना.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर छापायच्या मजकुरातले काना-मात्रा आणि अनुस्वार बघायचे. आजाराची पहिली खूण मला तिथेच दिसली. अनुस्वाराला सावली पडू लागली. 'संपादक' या शब्दावर एक टिंब ठळक आणि त्याच्या खाली तिरकं दुसरं, फिकट. वेलांट्यांना शेपट्या फुटल्या. डोळे थकले असतील म्हणून चहा घ्यायचे, तोंडावर पाणी मारायचे, डावा डोळा झाकून पुन्हा बघायचे, तर सावली तिथेच. रात्री स्कूटरवरून घरी येताना समोरच्या गाडीचा दिवा खाली ओघळल्यासारखा दिसायचा. चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलत होता आणि त्यातला तिरपा नंबर सारखा वाढत होता. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानेच शेवटी सांगितलं, ताई, हे माझ्या हातातलं नाही, कॉर्नियाच्या डॉक्टरकडे जा. तिथे टोपोग्राफी काढली. संगणकाच्या पडद्यावर माझ्या बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, रंगीत नकाशा उमटला. डाव्या डोळ्याचा हिरवा-पिवळा, उजव्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल डाग, आणि त्या डागाच्या मध्ये आणखी गडद लाल. केरॅटोकोनस. पडदा पातळ होत होता आणि पातळ झालेल्या जागी पुढे फुगत होता. निरोगी डोळ्यात मध्यभागी हा पडदा साधारण ५४० मायक्रॉन असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. माझा साडेचारशेच्या जरासा वर उरला होता.

"डोळे चोळता का?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. विदर्भात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची खरं तर गरज नाही. एप्रिल लागला की कोरडी गरम हवा, अंगणात उडणारी धूळ, आणि डोळ्यांना अशी खाज की मुठीची मागची बाजू डोळ्यावर दाबून गोल गोल फिरवल्याशिवाय जीव शांत होत नसे. चोळण्याचं ते सुख मला अजून आठवतं. बंद पापण्यांमागे रंगीत ठिपके उमटायचे. आमच्या वर्गातली निम्मी मुलं उन्हाळ्यात लाल डोळ्यांनी फिरायची. ॲलर्जी, चोळणं आणि केरॅटोकोनस यांचा एकमेकांशी संबंध आहे हे आमच्या घरात, गल्लीत, शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे वाचताना एक अभ्यास सापडला, २००९ साली प्रसिद्ध झालेला, आणि तो नेमका आमच्याच भागातला निघाला. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले होते. त्यांतल्या २.३ टक्के लोकांच्या पडद्याचा बाक केरॅटोकोनस म्हणावा इतका वाढलेला होता. निकष फक्त बाकाचा होता, आजच्यासारखे रंगीत नकाशे नव्हते, त्यामुळे तो आकडा जपून वाचावा लागतो. तरीही अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासात हेच प्रमाण साधारण दोन हजारांत एक असं मांडलं होतं. मी ते वाचलं आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांचे चेहरे आठवत बसले. 'नजर कमजोर आहे' एवढंच म्हणून ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांतल्या किती जणांच्या डोळ्यात हेच असेल?

उपचाराला आपल्याकडे डॉक्टर सी-थ्री-आर म्हणतात, कागदावर क्रॉस-लिंकिंग. जर्मनीत ड्रेस्डेनला थिओ सायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी ही पद्धत उभी केली. २००३ साली त्यांनी २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचा अनुभव मांडला आणि त्या सगळ्या डोळ्यांत आजार पुढे सरकायचा थांबला होता. तोवर केरॅटोकोनस म्हटलं की सेमीसॉफ्ट लेन्स लावून दिवस काढायचे आणि फारच वाढलं तर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाची वाट बघायची. आजाराला आहे तिथे रोखणारं काहीही नव्हतं. मला त्या २२ माणसांबद्दल फार वाटतं. पुढे काय होईल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नसताना ती त्या टेबलावर झोपली.

मी झोपले तेव्हा सगळं ठरलेलं होतं. आधी बधिर करणारे थेंब. पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या ठेवलेल्या. मग डॉक्टरांनी एका बोथट हत्यारानं पडद्यावरचा सर्वांत वरचा पापुद्रा, एपिथेलियम, खरवडून काढला. दुखलं नाही, पण दिसलं. समोरचा दिवा गढूळ झाला आणि लाटांसारखा हलला. मग जाडी पुन्हा मोजली. "चारशेच्या वर आहे, सुरू करू," असं कुणीतरी म्हणालं. हे चारशे का महत्त्वाचं, ते मला नंतर कळलं. पडद्याच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तो पडद्यातलं पाणी सतत बाहेर काढत राहतो म्हणून पडदा पारदर्शक राहतो. माणसाच्या डोळ्यातल्या या पेशी एकदा गेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. उपचाराचे अतिनील किरण तिथवर जोरात पोचता कामा नयेत, म्हणून वर पुरेशी जाडी हवी. मग पिवळे थेंब सुरू झाले. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-टू जीवनसत्त्व. दर काही मिनिटांनी एक थेंब, तब्बल अर्धा तास. छत पिवळं झालं, दिवा पिवळा झाला, नर्सच्या हिरव्या कपड्यांना पिवळट झाक आली. कुणी बोलत नव्हतं. एसीची घरघर आणि थेंब टाकण्याआधी "वर बघा" एवढंच. आणि मग तो निळसर जांभळा दिवा, आणखी अर्धा तास. त्याच्याकडे बघत राहायचं. ऊब अशी जाणवतच नाही. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, आणि अर्ध्यावर अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

त्या शांत अर्ध्या तासात आत काय चालू होतं, हे कळल्यावर मी थक्क झाले. पडद्याचा नव्वद टक्के भाग म्हणजे स्ट्रोमा. कोलॅजेनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे दोनशेच्या वर थर एकावर एक रचलेले. तंतू सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर, आणि या शिस्तीमुळेच प्रकाश आरपार जातो. आजारात ही वीण सैल पडते. माझ्या आजोबांच्या खोलीत एक बाज होती. तिच्या दोऱ्या मधोमध ढिल्या पडून झोळ आला होता. दर उन्हाळ्यात आजोबा पायथ्याच्या दोऱ्या ओढून घ्यायचे आणि मध्ये आडवे वेढे घालून त्या एकमेकींना बांधायचे. डोळ्यातही काहीसं तसंच होतं. किरण पडले की रायबोफ्लेविन उत्तेजित होतं, हवेतून पडद्यात शिरलेल्या ऑक्सिजनला कामाला लावतं, आणि कोलॅजेनच्या रेणूंमध्ये नवे आडवे बंध तयार होतात. प्रयोगशाळेत माणसाच्या कॉर्नियाच्या पट्ट्या ताणून बघितल्या, तेव्हा उपचारानंतर त्यांचा ताठरपणा सुमारे साडेचार पट भरला. सशांच्या डोळ्यात पुढच्या भागातले तंतू सुमारे १२ टक्क्यांनी जाड झालेले आढळले. कोलॅजेन विरघळवणाऱ्या विकरांनाही असा पडदा जास्त काळ दाद देत नाही. असे बंध वयाबरोबर आपोआपही वाढतात, म्हणून चाळिशीच्या आसपास हा आजार बहुतेकांत स्वतःहून मंदावतो. मधुमेहातली जास्तीची साखरही असेच बंध तयार करते. म्हणजे म्हातारपण जे काम हळूहळू करतं, ते माझ्या डोळ्यात एका तासात उरकलं होतं. हे वाचून मला आधार वाटला आणि थोडं वाईटही वाटलं. डावा डोळा माझ्या वयाचा आणि उजवा माझ्याहून कितीतरी थोरला.

बधिरपणा उतरल्यावरच्या पहिल्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. मिटलेल्या पापणीखाली वाळू, पाणी थांबत नाही, नाकही गळतं, दाराखालून येणारा उजेडाचा पट्टासुद्धा सहन होत नाही. आईनं खिडकीला जुनी सोलापुरी चादर लावली आणि रात्रभर उशाशी बसून राहिली. तीन-चार दिवसांत वरचा पापुद्रा भरून आला, वर ठेवलेली बँडेज लेन्स काढली, आणि दुखणं बघता बघता गेलं. शरीराचा हा वेग मला फार लोभस वाटतो. कडेला असलेल्या मूळ पेशी कुणी न सांगता कामाला लागतात आणि उघडं पडलेलं मैदान झाकून टाकतात.

पण आतल्या थरांना असा वेग नसतो.

आता ती रेषा. स्ट्रोमाच्या थरांमध्ये केरॅटोसाइट नावाच्या पेशी राहतात. चपट्या, लांब हातांच्या, एरवी अगदी शांत. कोलॅजेनची देखभाल त्यांच्याकडे. जो उपचार तंतू घट्ट करतो, तोच पुढच्या सुमारे तीनशे मायक्रॉनपर्यंतच्या या पेशी मारतो. सगळ्या. जिवंत डोळ्यातल्या पेशी दाखवणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकानं बघितलं तर उपचारानंतर तिथे सुजलेलं, पोकळ्यांनी भरलेलं ऊतक दिसतं, पेशींची चमकणारी केंद्रकं दिसत नाहीत. आणि तीनशेच्या खाली सगळं पूर्ववत. या दोन प्रदेशांची सीमा कित्येक डोळ्यांत उजेडाच्या फटीखाली बारीक पांढुरक्या रेषेसारखी दिसते. ती कशामुळे नेमकी दिसते, खोल असेल तर परिणाम जास्त असं म्हणता येतं का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण उपचार कुठवर पोचला आणि कुठे थांबला, हे ती दाखवते. तिच्या खाली, हात न लागलेला, तो कधीही न भरून येणारा आतला थर सुरक्षित आहे. डॉक्टरांचा आनंद मला तेव्हा कळला. तो खोटा नव्हता, उथळ तर अजिबात नव्हता. तरी एक गोष्ट मला अजून बाजूला ठेवता येत नाही. ज्याला ते सुरेख म्हणाले, त्याच्या वरचा सगळा भाग त्या दिवशी माझ्यातला मेलेला भाग होता, आणि मी त्याच्यातून जग बघत होते. काम बिघडवण्यात त्या पेशींचा दोष होता की नव्हता, मला ठाऊक नाही. त्यांना वाचवून तंतू बांधता आले असते तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. आणि बांधले नसते तर आज काय झालं असतं, हेही मला माहीत आहे.

त्यानंतरचे महिने धुक्याचे. हा शब्द डॉक्टरही वापरतात. उपचारानंतर पडद्यात एक पुसट पांढरेपणा येतो, पहिले काही महिने टिकतो, मग ओसरू लागतो. छापलेला कागद मला पातळ दुधात बुडवल्यासारखा दिसायचा. काळी अक्षरं राखाडी, राखाडी अक्षरं नाहीशी. उजव्या डोळ्यानं मुद्रितं बघणं मी सोडूनच दिलं. तपासणीत आकडेही उलटे यायचे. बाक आधीपेक्षा जास्त, जाडी आधीपेक्षा कमी. घडी केलेले ते कागद बाबा घरी दिव्याखाली धरून जुन्या कागदांशी ताडून बघायचे आणि काही न बोलता फायलीत ठेवायचे. असं होतंच, ऊतक आधी आक्रसतं, दाट होतं आणि वर्षभरात जाडी बरीचशी परत येते, असं डॉक्टर प्रत्येक वेळी शांतपणे समजावत. कळत होतं, तरी धीर सुटायचा. त्याच महिन्यांत आत वस्ती परत येत होती. खालच्या थरांतून आणि कडेकडून नव्या केरॅटोसाइट पेशी त्या घट्ट झालेल्या तंतूंमधून वाट काढत पुढे सरकत होत्या. सहा महिन्यांच्या सुमारास त्या बहुतेक सगळा प्रदेश भरून काढतात. मला यातलं काहीही जाणवत नव्हतं.

जाणवलं ते वेगळंच. एकदा जेवताना आई एकदम म्हणाली, "अगं, तुझ्या डोळ्यात पापणीचा केस आहे." आरशात बघितलं तर केस चक्क बुबुळावर आडवा पडलेला, आणि मला पत्ताच नाही. कॉर्निया म्हणजे शरीरातली सर्वांत संवेदनशील जागा म्हणतात. धुळीचा कण सहन न होणारी. पण वरचा पापुद्रा काढताना त्याच्या लगतचं मज्जातंतूंचं बारीक जाळंही गेलेलं असतं आणि ते परत विणलं जायला सहा महिने, वर्षही लागतं. दिसत नाही याचं दुःख मी करत होते. डोळा मुका झालाय हे लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवू लागले. कांदा चिरताना डावा डोळा झोंबायचा आणि उजवा स्वस्थ असायचा. पाणी दोन्हीतून यायचं, पण झोंबणं एकाच बाजूला. त्या निवांतपणाची मला भीती वाटू लागली. धूळ शिरली, काही लागलं, तर हा सांगणार कसा? पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आईबरोबर सांडग्यांसाठी कांदे चिरत होते आणि उजव्या डोळ्यात बारीकशी कळ आली. मी हातातली विळी बाजूला केली आणि आईला म्हटलं, "उजवा पण झोंबतोय." ती इतकी खूश झाली की तिनं बाबांना गच्चीवरून खाली बोलावलं.

धुकं विरलं तसा कागदही पुन्हा काळापांढरा झाला. रेषा आता कुणाला दिसत नाही. ती तशीही काही महिन्यांनी पुसट होत जाते. सावली मात्र राहिली आहे. लाल डाग थोडा फिकट झाला, बाक जरासा उतरला, पण अनुस्वाराखालचं ते फिकट टिंब गेलं नाही. ते जावं म्हणून हा उपचार नसतोच. काम करताना मी स्क्लेरल लेन्स लावते. मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी. तिच्या आणि पडद्याच्या मध्ये सलाइनचं तळं असतं आणि वेडावाकडा पृष्ठभाग त्या पाण्याखाली झाकला जातो. लेन्स लावली की अनुस्वार एक. काढली की दोन. दर तपासणीला नवा नकाशा जुन्याशेजारी लावतात, दोन्हींची वजाबाकी करतात, आणि उत्तर शून्याच्या जवळ आलं की डॉक्टर म्हणतात, काही बदल नाही. सुरुवातीला हे ऐकून मी हिरमुसायचे. आता तपासणीच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही, कारण मला हेच तीन शब्द ऐकायचे असतात. डाव्या डोळ्यावर लक्ष आहे. तो पुढे सरकला तर त्यालाही त्याच टेबलावर जावं लागेल, आणि मी जाईन.

घरात एकाला असलं तर इतरांचेही डोळे तपासून घ्यावेत, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मुलांचे तर नक्कीच, कारण वय जितकं लहान तितका हा आजार वेगानं पळतो. माझ्या दादाचा मुलगा तेरा वर्षांचा. उन्हाळ्यात त्याचे डोळेही लाल होतात आणि तोही मुठीनं गोल गोल चोळतो, अगदी माझ्यासारखा. वहिनीला आधी पटत नव्हतं. त्याला तर सगळं स्वच्छ दिसतं, मग कशाला? मी तिला माझे नकाशे दाखवले, अगदी पहिल्यापासूनचे. या मे महिन्यात आम्ही त्याला घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांचे नकाशे हिरवे निघाले, बाक ठीक, जाडी पुरेशी. डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब दिले, थंड पाण्याच्या घड्या सांगितल्या आणि वर्षभरानं पुन्हा बोलावलं. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून त्यानं विचारलं, "आत्या, पण फारच खाज आली तर थोडंसं चोळलं तर चालेल का?" मी गाडी रसवंतीशी थांबवली आणि त्याला कोलॅजेनच्या थरांपासून सांगायला सुरुवात केली. रसाचे ग्लास रिकामे झाले तरी त्याचे प्रश्न संपले नव्हते.